लायसन्स मिळालं, पण एजंट होता येईना

फ्रीमाँटच्या आमच्या ब्रोकरेजमध्ये नव्या एजंटांची कागदपत्रं तपासायचं काम माझ्याकडे असतं. एका शुक्रवारी दुपारी एक मराठी तरुण आला. कॅलिफोर्नियाचं सेल्सपर्सन लायसन्स नुकतंच हातात पडलेलं, आणि लॅपटॉपवर ऑफर भरून तयार. सॅन रमोनमधलं टाउनहाउस, घेणारा त्याच्याच टीममधला मित्र, ऑफर पाठवायची मुदत संध्याकाळी पाचची.

"ताई, लायसन्स तेवढं तुमच्याकडे हँग करून घ्या. बाकी सगळं झालंय."

हँग करणं म्हणजे लायसन्स ब्रोकरच्या नावाखाली जोडणं; त्याशिवाय सेल्सपर्सनला काम करता येत नाही. बाकी खरंच झालं होतं, आणि नीट झालं होतं. इथे सेल्सपर्सनला कॉलेज पातळीचे तीन कोर्स लागतात: रिअल इस्टेट प्रिन्सिपल्स, रिअल इस्टेट प्रॅक्टिस आणि तिसरा यादीतला एक. प्रत्येकी 45 तास, एकूण 135. पैसे भरले म्हणून आठवड्यात उरकता येत नाहीत. एका कोर्सला किमान अडीच आठवडे धरतात, म्हणजे साडेसात आठवडे जातातच. 2024 पासून प्रॅक्टिसच्या कोर्समध्ये फेअर हाउसिंग (घर देता-घेताना भेदभाव न करण्याचे नियम) आणि नकळत होणाऱ्या भेदभावाचा भाग सक्तीचा झालाय, त्यामुळे कुणाचं जुनं सर्टिफिकेट असेल तर आधी ते बघावं. तिसऱ्या कोर्सच्या यादीत अकाउंटिंग आणि बिझनेस लॉ आहेत, म्हणून बी.कॉम. झालेले हमखास विचारतात, "आमचं चालेल का?" परदेशी शिक्षणाचं मूल्यांकन मान्यताप्राप्त संस्थेकडून करून घ्यावं लागतं. त्याचा खर्च आणि वाट बघणं धरलं तर नवा कोर्स स्वस्त पडतो. महारेराचं प्रमाणपत्र मात्र इथे कशातच धरत नाहीत.

परीक्षेची फी 100 डॉलर, लायसन्सची 350. जुलै 2024 मध्ये दोन्ही वाढल्या. बोटांचे ठसे लाइव्ह स्कॅनने द्यायचे, त्याचे 49 डॉलर आणि वर ठसे घेणाऱ्याची मजुरी. रेषा पुसट उमटल्या तर ठसे पुन्हा मागवतात. आपल्या लोकांचं घोडं जास्त वेळा नावात अडतं. पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव 'गिव्हन नेम'मध्ये घुसलेलं, ड्रायव्हिंग लायसन्सवर ते गायब, आणि कोर्सच्या सर्टिफिकेटवर तिसरंच काहीतरी. अर्ज, सर्टिफिकेट आणि परीक्षेला न्यायचं ओळखपत्र, तिन्हीवर नाव एकच असू द्या.

परीक्षा 150 प्रश्नांची, तीन तासांची. पास व्हायला 70 टक्के. पास झालात तर किती मार्क पडले ते सांगतच नाहीत. नापास झालात तरच मार्क आणि विषयवार टक्के हातात येतात. सगळ्यात जास्त वजन, 25 टक्के, प्रत्यक्ष व्यवहार आणि खरेदीदाराला द्यायच्या सक्तीच्या माहितीला. एजन्सीच्या कायद्याला, म्हणजे एजंट कुणाच्या बाजूने आणि कुणाला बांधील याला, 17. लोक घोकत बसतात गणितं, आणि मार्क जातात ते या दोन ठिकाणी. घरात मृत्यू झाला असेल तर तो किती वर्षांपर्यंत सांगायचा (तीन), दोन्ही बाजूंचा एकच एजंट चालतो का (चालतो, पण दोघांच्या संमतीने), असले प्रश्न. गणितात आपल्याला एक गोष्ट फुकटात मिळते: एकर म्हणजे 43,560 चौरस फूट हे इथे पाठ करावं लागतं, आणि 1,089 चौरस फुटांचा गुंठा माहीत असलेल्याला चाळीसने गुणलं की झालं.

तर हे सगळं पार करून आलेल्या माणसाला मी विचारलं, "व्हिसा कोणता?"

"एच-वन-बी. का?"

हा प्रश्न त्याला तोवर कुणी विचारलाच नव्हता, आणि त्यात नवल नाही. राज्याचं रिअल इस्टेट खातं सोशल सिक्युरिटी नंबर किंवा आयटीआयएन (करासाठीचा नंबर) मागतं, व्हिसा मागत नाही. 2014 च्या कायद्यानुसार कॅलिफोर्नियात इमिग्रेशनच्या कारणावरून व्यावसायिक लायसन्स नाकारता येत नाही. पुढे ब्रोकरकडेही चाळणी लागतेच असं नाही. एजंट बहुतेक ठिकाणी नोकरदार नसतो, स्वतंत्र कंत्राटदार असतो, त्यामुळे नोकरीला लावताना भरतात तो आय-9 फॉर्म भरलाच जात नाही. म्हणजे कोर्सवाला पैसे घेतो, खातं लायसन्स देतं, आणि काम करायची मुभा आहे का हे पहिला कमिशनचा चेक निघेपर्यंत कुणी बघत नाही. ही मुभा देतं केंद्र सरकार, आणि एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर ती फक्त ज्या कंपनीने अर्ज केला तिच्या कामापुरती असते. कंत्राटदार म्हणून घेतलेलं कमिशनसुद्धा कामाचाच मोबदला. आणि मुभा नाही हे माहीत असून असं कंत्राट देणारा ब्रोकरही केंद्रीय कायद्यात सापडतो.

त्याचा चेहरा उतरला, पण डोकं चालू होतं. इथे प्रत्येकजण हेच पर्याय काढतो.

"मग कमिशन बायकोच्या नावावर काढा. तिच्याकडे एच-फोर ईएडी आहे." ईएडी म्हणजे काम करायच्या परवानगीचं कार्ड; एच-फोर हा एच-वन-बीवाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा. पण तिच्याकडे लायसन्स नाही, आणि ब्रोकरने लायसन्स नसलेल्याला अशा कामाचा मोबदला देणं कॅलिफोर्नियात बेकायदा आहे. लायसन्स असतं तरी काम त्याने करायचं आणि चेक तिने घ्यायचा, हे चालत नाही.

"नुसती रेफरल फी?" मी नाही म्हटलं. नाव काहीही द्या, पैसे व्यवहार जमवल्याबद्दलच मिळणार.

"पार्ट-टाइम दुसरं एच-वन?" ते लागतं विशिष्ट विषयातली पदवी अनिवार्य असलेल्या कामाला. अठरा वर्षं पूर्ण आणि तीन कोर्स एवढ्यावर मिळणारं हे लायसन्स त्यात बसवणं अशक्यच.

"ग्रीन कार्डच्या शेवटच्या अर्जावर मिळणारं ईएडी?" ते मिळालं की काम करता येतं, पण एच-वनचं छत्र जाऊ शकतं, तेव्हा आधी वकिलाला विचारा. त्याचा मात्र तो अर्ज भरायची तारीखच आली नव्हती. त्याच अर्जात पुढे परवानगीशिवाय काम केलंत का, असं सरळ विचारतात. नोकरीवर आधारित अर्जदारांसाठी एकूण 180 दिवसांपर्यंतची चूक पोटात घालणारं कलम 245(के) आहे, आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर ते हक्क असल्यासारखं सांगतात. एका टाउनहाउसच्या कमिशनसाठी त्या कलमावर जुगार खेळणं मला वेडेपणा वाटतो.

तोवर चार वाजत आले होते आणि मित्राची ऑफर तशीच पडून होती. मित्राला ओपन हाउसला घेऊन जाणं हा गुन्हा नाही. मोबदल्याची अपेक्षा ठेवून ते केलं की लायसन्सचं काम होतं. आम्ही त्याला यातून पूर्ण बाजूला काढलं. ऑफिसातल्या दुसऱ्या एजंटने मित्राला व्हिडिओ कॉल लावला आणि आधी करार केला. जानेवारी 2025 पासून इथे खरेदीदाराशी लेखी करार लागतोच, आणि तो तीन महिन्यांपेक्षा जास्त मुदतीचा करता येत नाही. मग एजन्सीचा खुलासा सही झाला, आणि खरेदी कराराचा फॉर्म नव्याने भरला. जुन्या फॉर्मवर शेवटच्या पानावर या मुलाचा आठ आकडी लायसन्स नंबर होता. समोरच्या एजंटने तो खात्याच्या वेबसाइटवर टाकला असता तर ब्रोकरच्या जागी काहीच दिसलं नसतं, आणि ऑफर तिथेच संशयात गेली असती. मजकुरात एकच बदल केला: अनामत रक्कम त्याने किमतीच्या पाच टक्के लिहिली होती, ती तीन केली. खरेदीदार मागे फिरला तर विक्रेत्याला किती ठेवता येईल याची प्रमाणित फॉर्ममधली मर्यादा तीनच टक्के आहे. पाचच्या आत ऑफर गेली, सोमवारी काउंटर (विक्रेत्याची उलट ऑफर) आला, आणि सौदा जमला.

मोबदल्याचा एक भाग आम्ही मित्राला एस्क्रोतून (व्यवहाराचे पैसे सांभाळणाऱ्या त्रयस्थाकडून) सूट म्हणून दिला. कॅलिफोर्नियात स्वतः खरेदीदाराला अशी सूट देता येते, कर्ज देणाऱ्या बँकेला ती उघड करावी लागते एवढंच. ज्याने घर शोधलं त्याला एक सेंटही नाही. मित्राने त्याला जेवायला नेलं असेल, तर ते त्यांचं ते जाणोत.

त्याचं लायसन्स वाया गेलेलं नाही. ब्रोकरशिवायही ते चार वर्षं वैध राहतं. खात्याच्या नोंदीत 'एनबीए', म्हणजे ब्रोकरशी संलग्न नाही, असं दिसतं. चार वर्षांनी 45 तासांचं शिक्षण करून नूतनीकरण. भारतीयांची ग्रीन कार्डची रांग बघता ही नूतनीकरणं त्याला एकाहून जास्त वेळा करावी लागतील.

महिन्याभराने त्याची बायको कोर्सला बसली. तिच्या बाबतीत मी आधी ईएडी कार्ड मागितलं आणि त्यावरची शेवटची तारीख लिहून घेतली. 30 ऑक्टोबर 2025 पासून भरलेल्या नूतनीकरणाच्या अर्जांना पूर्वीसारखी आपोआप मुदतवाढ मिळत नाही. नवं कार्ड वेळेत आलं नाही तर त्या दिवसापासून काम बंद, मग एस्क्रोत दोन फाइली चालू असल्या तरी. म्हणून लायसन्स मिळून ती कामाला लागल्यावर तिच्या प्रत्येक फाइलवर दुसऱ्या एजंटचं नाव सुरुवातीपासूनच घातलंय, आणि नूतनीकरणाचा अर्ज कार्ड संपायच्या 180 दिवस आधी, म्हणजे भरता येतो त्या पहिल्याच दिवशी, भरायचं तिच्या कॅलेंडरवर टाकलंय.