तुम्ही विचारलंत म्हणून : गुडघ्याजवळचा तो डबा

मालवणच्या बाजारात गाडी उभी केली की कोणीतरी खिडकीतून डोकावतो आणि स्टिअरिंगच्या डाव्या अंगाला, गुडघ्याच्या थोडा वर बसवलेल्या काळ्या डब्याकडे बोट दाखवून विचारतो, "काकानू, गाडयेक बरे ब्रेक आसत, मगे ह्यो डबो कित्याक?" प्रश्न रास्त आहे. रस्त्यात उभ्याउभ्या दिलेल्या उत्तराने विचारणाऱ्याचे समाधान होत नाही आणि माझेही होत नाही, म्हणून ते एकदा लिहून ठेवतो.

हा डबा म्हणजे ट्रेलरचा ब्रेक कंट्रोलर. मी व्यापारी जहाजांवर इलेक्ट्रिकल ऑफिसर म्हणून नोकरी केली आणि निवृत्त होऊन गावी आलो. पुतण्याचा तारकर्लीला स्कूबा डायव्हिंगचा व्यवसाय आहे. हवेच्या टाक्या ठरावीक मुदतीने दाबचाचणीसाठी कोल्हापूरला न्याव्या लागतात. अॅल्युमिनियमची अकरा लिटरची एक टाकी रिकामी असतानाच साधारण १४ किलो भरते. अशा चाळीस टाक्या, कॉम्प्रेसर, पाणबुड्यांच्या कमरेला बांधायची शिशाची वजने आणि ट्रेलरचे स्वतःचे वजन धरले, तर पिकअपच्या मागे सव्वा टन ओझे लागते. फोंडा घाट चढताना हे ओझे इंजिनाला जड जाते, एवढेच. तोच घाट उतरताना ते मागून ढकलते, आणि वळणावर गाडीने ब्रेक लावला व ट्रेलरने लावला नाही, तर ट्रेलर गाडीची शेपटी बाजूला सारू पाहतो. गाडीचे ब्रेक गाडीच्या वजनाच्या हिशेबाने बनवलेले असतात, मागच्या सव्वा टनाच्या हिशेबाने नव्हेत. आपल्याकडे मोटार वाहन कायदा, १९८८ मधील मोटार वाहनाच्या व्याख्येत ट्रेलरही येतो. त्यामुळे त्याची वेगळी नोंदणी करावी लागते आणि कसाही ट्रेलर मागे जोडून निघता येत नाही. ऑस्ट्रेलियात, जिथून माझ्या जहाजावरच्या एका जुन्या सोबत्याने हा कंट्रोलर आणून दिला, तिथे ७५० किलोंच्या वरच्या ट्रेलरला ब्रेक लागतात. दोन टनांच्या वर गेला तर सगळ्या चाकांना लागतात आणि ट्रेलर सुटल्यास आपोआप लागणारी सोयही लागते.

आता डब्याचे काम. माझ्या ट्रेलरच्या प्रत्येक ड्रममध्ये एक विद्युतचुंबक आहे. त्यात प्रवाह आला की तो फिरत्या ड्रमच्या आतल्या सपाट भागाला चिकटू पाहतो, ड्रमबरोबर थोडा ओढला जातो आणि त्या ओढीने एक दांडा हलून ब्रेकचे शू ड्रमवर दाबले जातात. प्रवाह जितका जास्त, तितका दाब जास्त. कुडाळच्या एका वायरमनने मला विचारले होते की मग ब्रेकलाइटचीच तार चाकापर्यंत का नेऊ नये. प्रश्न हुशारीचा होता, पण तसे केले तर पेडलला नुसता पाय लागताच चुंबकांना पूर्ण बारा व्होल्ट मिळतील आणि ट्रेलरची चाके जाम होतील. शिवाय दोन चुंबक मिळून सहा-सात अँपिअर ओढतात आणि दिव्याच्या फ्यूजवर तेवढा भार टाकायचा नसतो. कंट्रोलर ब्रेकलाइटच्या तारेकडून फक्त 'आता ब्रेक लागला' एवढीच खबर घेतो. किती लावायचा हे तो स्वतः ठरवतो आणि बॅटरीचा प्रवाह अतिजलद चालू-बंद करून हवा तेवढाच मागे सोडतो. स्वस्त कंट्रोलर हे नुसते वेळेवरून ठरवतात, म्हणजे पेडल दाबल्यापासून ठरलेल्या गतीने जोर वाढवत नेतात. माझ्यासारख्या कंट्रोलरमध्ये गाडी किती झपाट्याने मंदावते आहे हे ओळखणारा संवेदक असतो, म्हणून त्याचा जोर गाडीच्या ब्रेकच्या प्रमाणात राहतो. घाट उतरायचा असेल तर दुसऱ्याच प्रकाराचा घ्यावा, असे माझे मत आहे. असा डबा मात्र हलणार नाही असा घट्ट आणि तोंड बरोबर प्रवासाच्या दिशेने ठेवून बसवावा लागतो. तिरका बसवला तर त्याला मंदावणे नीट कळत नाही.

बसवणे अवघड आहे का, हा पुढचा प्रश्न. तारा चारच आहेत. काळी बॅटरीच्या धन टोकाकडून येते. दोन किंवा चार चुंबकांच्या ट्रेलरसाठी तिच्यावर, बॅटरीच्या जवळ, वीस अँपिअरचा सर्किट ब्रेकर असतो. पांढरी बॅटरीच्या ऋण टोकाला जाते. लाल ब्रेकलाइटच्या स्विचच्या अशा बाजूला जोडतात जिथे पेडल दाबल्यावरच वीज येते. हे टेस्ट लॅम्प लावून, पेडल दाबून आणि सोडून खात्री करून घ्यावे. निळी ट्रेलरच्या प्लगमधल्या ब्रेकच्या पिनकडे जाते. काम सुरू करण्याआधी बॅटरीचे ऋण टोक सोडायचे आणि काळी-पांढरीची अदलाबदल होऊ द्यायची नाही, कारण तेवढ्या चुकीने डबा कायमचा जातो. तारा इंजिनाकडून आत येताना मधल्या पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट, म्हणजे तारेला पत्र्याची धार लागू न देणारे कडे, हवे. हे सगळे एका दुपारचे काम आहे.

मीही ते एका दुपारीच केले होते, आणि तिथेच चुकलो. पांढरी तार बॅटरीपर्यंत न्यायची ती मी आळसाने डॅशखालच्या एका बोल्टला, गाडीच्या पत्र्याला जोडली. ट्रेलरकडेही तेच केले. चुंबकांची परतीची तार चॅसीला बोल्टने आवळली. आयुष्यभर जहाजावर ज्या गोष्टीसाठी मी इतरांना रागावलो, तीच गोष्ट घरच्या अंगणात केली. एक पावसाळा गेला. ऑक्टोबरात भरलेला ट्रेलर घेऊन घाट उतरत होतो. डब्यावरचा आकडा जोर पूर्ण असल्याचे दाखवत होता, पण मागून ढकलल्यासारखे होत होते. दुसऱ्या गियरमध्ये, इंजिनाच्या जोरावर, रांगत रांगत खाली आलो.

घरी येऊन ट्रेलरचा तो बोल्ट खोलला. बाहेरून लग, म्हणजे तारेच्या टोकाला बसवलेला धातूचा तुकडा, स्वच्छ दिसत होता. तारेचे आवरण चाकूने उभे चिरले, तेव्हा आत तांब्याचे तंतू काळे पडलेले होते, लगच्या तोंडाशी त्यांच्यावर हिरवट-निळसर भुकटी जमली होती आणि बोटात धरून वाकवताच पाच-सहा तंतू मोडून हातात आले. खारी हवा आवरणाच्या आतून, तंतूंच्या फटींतून वीतभर चढली होती. मल्टिमीटर लावला तर त्या एका जोडात जवळपास अर्धा ओहम रोध निघाला. अर्धा ओहम ऐकायला क्षुल्लक वाटतो. पण दोन चुंबकांचा मिळून रोधच दोन ओहमांच्या आसपास असतो. म्हणजे बारा व्होल्टांपैकी जवळपास अडीच व्होल्ट त्या कुजलेल्या जोडातच खर्च होत होते आणि चुंबकांपर्यंत साडेनऊच पोहोचत होते. डब्याला यातले काही कळण्याचा मार्ग नव्हता. त्याने पाठवले ते त्याने दाखवले.

कल्हई गेलेल्या पितळी भांड्यात ताक ठेवले तर ते कळकते, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. तारेचेही तसेच आहे. जहाजांसाठी आणि होड्यांसाठी मिळणाऱ्या तारेत तांब्याच्या प्रत्येक तंतूवर कथिलाचा लेप असतो, म्हणजे ती अक्षरशः कल्हई केलेली तार असते. दुसऱ्या खेपेला मी तशी, चार चौरस मिलिमीटर जाडीची तार आणली. पांढरी थेट बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत नेली आणि ट्रेलरच्या चुंबकांची परतीची तारही चॅसीवर न सोडता प्लगच्या पिनपर्यंत वेगळी ओढली. लग पक्कडीने चेपले नाहीत, क्रिम्पिंगच्या अवजाराने दाबले, आणि प्रत्येक जोडावर आतून डिंक असलेली हीट श्रिंक नळी, म्हणजे गरम केली की आवळून बसणारी नळी, चढवली. तारा पिळून वर काळी टेप गुंडाळण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. वैशाखात तिचा डिंक ओघळतो आणि आषाढात तिच्याखाली पाणी साठते.

तारा जोडल्यावर जोर ठरवायचा असतो, आणि हे काम बहुतेक जण टाळतात. कुडाळच्या औद्योगिक वसाहतीतल्या सपाट, कोरड्या रस्त्यावर रविवारी पहाटे आम्ही भरलेला ट्रेलर घेऊन गेलो. ताशी चाळीस किलोमीटरच्या वेगाने जाताना पेडलला पाय न लावता डब्यावरची हाताची कळ पूर्ण सरकवायची. त्याने फक्त ट्रेलरचे ब्रेक लागतात. दरवेळी जोर थोडा वाढवत न्यायचा. पुतण्या रस्त्याकडेला उभा राहून चाकांकडे बघत होता आणि चाके घसटली की हात वर करत होता. घसटतात त्याच्या किंचित खाली आकडा ठेवायचा. माझ्या ट्रेलरला भरलेला असताना सहा आणि रिकामा असताना साडेतीन लागतो. टाक्या उतरवून परत येताना आकडा कमी करायला विसरलात, तर पहिल्याच ब्रेकला रिकाम्या ट्रेलरची चाके जाम होतात आणि तो ओल्या रस्त्यावर आडवा धावतो. हीच हाताची कळ ट्रेलर मागे झोके घेऊ लागला तर उपयोगी पडते: गाडीचा ब्रेक न दाबता ती हलकेच सरकवली की ट्रेलर मागे ओढला जाऊन सरळ होतो.

ट्रेलर सुटलाच तर आपोआप ब्रेक लावणारा स्विच वेगळा असतो. त्याची बॅटरी ट्रेलरवर असते आणि पिनेची दोरी गाडीच्या अंगाला अडकवायची असते, हिचच्या, म्हणजे ट्रेलर अडकवायच्या जोडणीच्या, गोळ्याला किंवा साखळीला नव्हे. हिचच निखळला तर दोरीही त्याच्याबरोबर जाईल. तो तपासताना ट्रेलरचा प्लग गाडीतून काढावा, नाहीतर उलट्या बाजूने आलेली वीज कंट्रोलर बिघडवू शकते.

मच्छीमार मंडळी मात्र हा प्रश्न होडीच्या ट्रेलरसाठी विचारतात, आणि त्यांना मी सरळ नको म्हणतो. होडी उतरवताना चाके खाऱ्या पाण्यात बुडतात. बुडालेला चुंबक आणि ड्रम फार दिवस टिकत नाहीत. त्या कामाला धडकेने लागणारे ब्रेक बरे: गाडी मंदावली की ट्रेलर पुढे रेटतो, जोडणीतला सरकता भाग आत जातो आणि तोच ब्रेकच्या तेलावर दाब देतो. त्यांना डॅशखालचा डबा लागत नाही. चढावर मागे घेताना ते आपोआप लागून बसतात, म्हणून ती अडवणूक काढण्याची सोय आहे ना हे आधी पाहावे. पुतण्याने एकदा आमचाच ट्रेलर होडीसाठी मागितला होता. दिला नाही. आठ दिवस बोलला नाही.

ज्यांना स्वतः बसवायचे आहे त्यांनी तार आणि लग आणावेत. क्रिम्पिंगचे अवजार माझ्याकडून न्यावे आणि काम झाले की परत आणून द्यावे. आधीचे अजून देवबागेतच आहे.