भुऱ्याची सुई

२८ सप्टेंबरच्या जागतिक रेबीज दिनानिमित्त यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात आमचं कुत्र्यांच्या लसीकरणाचं शिबिर होतं. सोयाबीन सवंगणीला आलेलं. माणसांना वावरात जायची घाई, त्यामुळे आठ वाजायच्या आतच मारुतीच्या पारापुढे रांग लागली.

भुऱ्या रांगेत विसावा असेल. सत्तरीतल्या एका आजोबांचा जागलीचा कुत्रा, वजन १८ किलोच्या आसपास. रात्रभर रानडुकरं आणि रोही हाकलायचं त्याचं काम. मागच्या वर्षी मीच त्याला लस दिली होती. नातवाने तोंड धरलं, मी कातडी चिमटीत उचलून १ मिली लस टोचली, कार्डावर नोंद केली आणि पुढचं कुत्रं घेतलं.

सात-आठ मिनिटांत नातू धावत आला. भुऱ्याला दोनदा उलटी झाली होती. मी पोचेपर्यंत रक्ताळलेली पातळ हगवण सुरू झाली आणि मागचे पाय लुळे पडले. ओठ उचलून पाहिला तर हिरड्या चुन्यासारख्या पांढऱ्या. अंगठ्याने दाबून सोडल्या, रंग परत येईना. लसीची तीव्र ॲलर्जी, ॲनाफिलॅक्सिस. माणसाचा अशा वेळी श्वास कोंडतो. कुत्र्यात मुख्य घाव यकृतावर आणि आतड्यांवर बसतो. रक्त पोटातच साचतं आणि रक्तदाब कोसळतो. म्हणून उलटी-हगवणीला नुसतं 'काहीतरी खाल्लं असेल' म्हणून सोडलं, तर कुत्रं हातचं जातं.

"अबे, सुई देल्ली अन् कुत्रं पडलं ना!" मागून कोणीतरी ओरडलं.

कोसळलेला रक्तदाब सावरणाऱ्या ॲड्रेनालिनची ॲम्प्युल, म्हणजे काचेची बंद कुपी, माझ्या ॲप्रनच्या खिशातच असते, पेटीत नाही. कुपीची मान मोडताना काच अंगठ्यात घुसली, ते मला रात्री कळलं. किलोला ०.०१ मिलीग्रॅम, कुपीत एका मिलीला १ मिलीग्रॅम, म्हणजे भुऱ्यासाठी १ मिलीच्या सिरिंजमध्ये ०.१८ मिली. इवलासा थेंब तो. मांडीच्या स्नायूत दिला. मग शीर शोधायला घेतली. रक्तदाब पडला की पुढच्या पायाची शीर दोऱ्यासारखी बारीक होते. आमच्या परिचर भाऊंनी कोपराच्या वर घट्ट दाबून धरलं. दोन सुया वाया गेल्या, तिसरीत रक्त दिसलं. सलाईन टांगायला काही नव्हतं, म्हणून देवळाच्या घंटेच्या साखळीला बाटली अडकवली. ॲलर्जी दाबणारं डेक्सामेथासोन आणि क्लोरफेनिरामिनही दिलं, पण ती मागाहून कामाला येणारी औषधं. त्या घडीला जीव ॲड्रेनालिनच वाचवतं.

दहा मिनिटांनी दुसरा डोस दिला. मांडीच्या आतल्या बाजूला बोट ठेवून मी नाडी धरून बसले होते. आजोबा समोर उकिडवे बसलेले.

"मॅडम, हा मरते का जी? मागच्या साली तं काईच नाई झालं याले."

मागच्या वर्षी झालं नाही, म्हणूनच यंदा झालं, हे समजावणं अवघड असतं. शरीर पहिल्या वेळी परक्या पदार्थाची ओळख करून घेतं. दुसऱ्या वेळी त्याच ओळखीवर उसळतं. तो पदार्थ बऱ्याचदा रेबीजचा मेलेला विषाणू नसतोच. लस बनवताना मागे राहिलेली वासराच्या रक्ताची प्रथिनंही असू शकतात.

नाडी बोटाला पुन्हा नीट लागायला तासभर गेला. कान कोमट झाले, मग हिरड्यांवर गुलाबी छटा आली. भुऱ्याने मान उचलून आजोबांचा हात चाटला, तेव्हा माझे पाय थरथरायला लागले.

तोवर रांग पांगली होती. 'ऊन लागलं म्हणून सांगून द्यायचं,' असा सल्ला मला नोकरीच्या पहिल्या वर्षी एका वरिष्ठाने दिला होता. मला तो कधीच पटला नाही. मी पारावर उभी राहून सांगितलं की हे माझ्या सुईनेच झालं. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या बारा लाखांवर कुत्र्यांच्या अभ्यासात दहा हजारांमागे साधारण ३८ जणांना लसीनंतर तीन दिवसांत काही ना काही त्रास झाला. बहुतेकांना सूज, खाज असा सौम्यच. भुऱ्यासारखं फार क्वचित घडतं. आणि रेबीजची लक्षणं दिसली की माणूस काय, कुत्रं काय, जवळजवळ कधीच वाचत नाही. याच तालुक्यात पिसाळलेलं कुत्रं चावलेला बैल मी पाहिलाय, घसा बसेपर्यंत हंबरत होता. तेही सांगितलं.

उरलेल्या तीसेक कुत्र्यांपैकी त्या दिवशी अकराच आली. बाकीची घरी गेली, हे मला भुऱ्याच्या पडण्याइतकंच लागलं.

त्रास काही तासांनी पुन्हा उसळू शकतो, म्हणून अंधार पडेपर्यंत मी तिथेच थांबले. भुऱ्याच्या कार्डावर लाल शाईने लसीचा बॅच नंबर लिहिला आणि खाली 'तीव्र ॲलर्जी'. पुढच्या वर्षी काय करायचं, हे आजोबांनी विचारलंच. मी म्हटलं, "शिबिरात नाही द्यायची. आधी दवाखान्यात या, द्यायची की नाही ते तिथं ठरवू. दिलीच तर शिरेत सुई लावून ठेवून, दिवसभर नजरेखाली."

पुढच्या गुरुवारी राहिलेल्या कुत्र्यांसाठी मी पुन्हा त्या गावी गेले. आजोबा भुऱ्याला दोरीने धरून माझ्यापुढे घरोघर फिरले. प्रत्येक दारात एकच वाक्य, "पाहा, जिता हाय ना हा? आना आता तुमचं."

त्या दिवशी चौदा कुत्र्यांना लस दिली. सुई झाल्यावर प्रत्येकाला अर्धा तास पारावर बसवलं, आणि शेवटचं कुत्रं जाईपर्यंत आजोबाही तिथेच बसून होते.