मस्टँगचा निळा रंग

गेल्या हिवाळ्यात माझ्याकडे आलेली जुनी फेंडर मस्टँग ही इलेक्ट्रिक गिटार पहिल्या नजरेत हिरवट दिसत होती. मागच्या मालकाने लावलेला काळा पिकगार्ड (तारांखाली बॉडीवर बसवलेली संरक्षक पट्टी) मी काढला, तेव्हा त्याखाली स्वच्छ, फिकट निळा रंग निघाला आणि गिटार मूळ स्थितीत आणायची म्हणजे नेमके काय करायचे, हा प्रश्न माझ्यापुढे उभा राहिला.

फेंडरने १९६४ साली मस्टँग बाजारात आणली ती शिकाऊ वादकांसाठी. वाद्य स्वस्त असल्यामुळे त्यात फेरफार करताना फारसा कुणाचा हात अडखळत नसे. माझ्या गिटारमध्येही ब्रिजजवळ, म्हणजे बॉडीवर तारा टेकतात त्या पट्टीजवळ, हंबकर (दोन गुंडाळ्यांचा पिकअप) बसवण्यासाठी लाकूड कोरलेले होते आणि पिकअपचे, म्हणजे तारांची कंपने विजेच्या संकेतात बदलणाऱ्या भागांचे, दोन सरकते स्विच काढून एकच टॉगल (खटका) लावला होता. मूळचा मोतिया पिकगार्ड, ते दोन्ही स्विच आणि ब्रिजकडचा पिकअप मात्र गिटारच्या केसच्या कप्प्यात ठेवलेला सापडला. ज्याने हे भाग टाकून दिले नाहीत, त्याचा मी मनापासून ऋणी आहे.

साल ठरवताना घाई करून चालत नाही. पॉटवरच्या (आवाज कमी-जास्त करणाऱ्या फिरत्या बटणाखालच्या भागावरच्या) आकड्यांत १३७ हा सीटीएस कंपनीचा क्रमांक, त्यापुढे ६६ हे वर्ष आणि शेवटी आठवडा होता. पण १९६६ च्या पॉटचा मोठा साठा फेंडरने नंतरची काही वर्षे वापरला, त्यामुळे या आकड्यांवरून गिटार त्याआधीची नाही एवढेच सिद्ध होते. नेक, म्हणजे गिटारची मान, काढून तिच्या टाचेवरचा शिक्का वाचला, त्यावरही ६६ हेच वर्ष आणि रुंदी दाखवणारे बी हे अक्षर मिळाले, तेव्हा माझी खात्री पटली.

कप्प्यातला पिकअप मल्टिमीटरवर (विजेचा रोध मोजणाऱ्या उपकरणावर) पूर्ण मुका होता. असा पिकअप लगेच नव्याने गुंडाळायला देऊ नये, असे माझे ठाम मत आहे, कारण मूळ तार एकदा उतरवली की त्या वाद्याचा मूळ आवाज परत मिळेलच असे नाही. भिंगाखाली पाहिल्यावर केसाएवढी बारीक तार डाखाजवळच तुटलेली दिसली. इनॅमल हलकेच खरवडून ती पुन्हा जोडली आणि सुमारे ६ किलोओमचे वाचन परत आले.

वायरिंगही सुती वेष्टनाच्या तारेने मूळ पद्धतीनेच केले. प्रत्येक स्विचच्या मधल्या स्थितीत पिकअप बंद असतो आणि दोन टोकांना त्याचा फेज, म्हणजे संकेताची दिशा, उलटसुलट होतो. दोन्ही पिकअप विरुद्ध फेजमध्ये ठेवले की आवाज बारीक, काहीसा नाकातून आल्यासारखा होतो. एका टॉगलमुळे गिटारचा हाच खास आवाज हरवला होता.

कोरलेला भाग मी लाकडाचा तुकडा बसवून भरला. तो पिकगार्डखाली झाकला जाणार असल्याने रंगाचा प्रश्न तिथे आला नाही. उरलेल्या बॉडीवर नवा निळा रंग फवारावा, असे काही मित्रांनी सुचवले, परंतु लॅकर पिवळे पडल्याने आलेला हा हिरवटपणा कारखान्यातल्याच रंगाचा आहे, तर माझा निळा कितीही हुबेहूब असला तरी माझाच ठरला असता. मी फक्त मऊ कापडाने बॉडी पुसली, मोतिया पिकगार्ड जुन्याच छिद्रांत स्क्रूंनी बसवला आणि तो स्वच्छ निळा रंग पुन्हा झाकून टाकला.