फ्यूज बॅटरीजवळच हवा

मी गाडी जुनी घेतली, तेव्हा तिच्या डिकीत अ‍ॅम्प, म्हणजे स्पीकरचा आवाज वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायर, आधीच बसवलेला होता. आवाज उत्तम येत असल्यामुळे दोन महिने मी वायरिंगकडे पाहिलेही नाही. एका रविवारी बॅटरीचे टर्मिनल साफ करताना अ‍ॅम्पकडे जाणाऱ्या लाल वायरीचा माग घेतला, तेव्हा इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या भोकातून ती ग्रोमेटशिवाय, म्हणजे भोकाच्या कडेला बसवायच्या रबरी कड्याशिवाय, तशीच आत गेलेली दिसली. भोकाची कड वायरीच्या आवरणात रुतली होती आणि त्या खाचेतून तांब्याची एक तार चमकत होती. फ्यूज होता, पण तो मागे, अ‍ॅम्पच्या शेजारी.

फ्यूज अ‍ॅम्प वाचवण्यासाठी असतो, असा समज पुष्कळांचा आहे. अ‍ॅम्पला बहुधा त्याचे स्वतःचे फ्यूज असतात. मुख्य फ्यूज असतो तो बॅटरीपासून डिकीपर्यंत जाणाऱ्या वायरीसाठी. गाडीचा सगळा पत्रा बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलेला असतो. ती उघडी तार पत्र्याला टेकली असती, तर बॅटरीतून शेकडो अँपिअर करंट तिथल्या तिथे वाहिला असता, आणि मागचा फ्यूज त्या वाटेवर नसल्यामुळे तो शाबूत राहून वायर मात्र पेटली असती. बॅटरी ते फ्यूज एवढ्या तुकड्याला कोणतेच संरक्षण नसते, म्हणून तो जितका आखूड तितके बरे. १८ इंच, म्हणजे सुमारे ४५ सेंटिमीटर, ही त्याची कमाल मर्यादा मानतात. मी फ्यूज होल्डर बॅटरीपासून वीतभर अंतरावर बसवला.

फ्यूज किती अँपिअरचा, हे वायरीच्या जाडीवरून ठरते. माझा अ‍ॅम्प ५०० वॉट आरएमएसचा (म्हणजे सलग देता येणारी पॉवर) आणि क्लास डी, म्हणजे कमी वीज वाया घालवणाऱ्या प्रकारचा आहे. कार्यक्षमता ८० टक्के धरली, तर त्याला ६२५ वॉट लागतात आणि १३.८ व्होल्टला ते सुमारे ४५ अँपिअर होतात. पाच मीटर लांबीच्या १६ स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरीत एवढ्या करंटला साधारण पाव व्होल्ट वाटेतच कमी होतो. ६ स्क्वेअर एमएमची घेतली असती, तर ०.७ व्होल्टच्या आसपास कमी झाला असता. म्हणून १६ ची वायर आणि ६० अँपिअरचा फ्यूज घेतला. फ्यूज वारंवार उडतो म्हणून मोठा टाकणे हा घातक उपाय आहे, कारण मग फ्यूजच्या आधी वायर जळते. वायर विकत घेताना तिचे टोक चाकूने खरवडून पाहावे. आतून पांढरी निघाली, तर ती बहुधा तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची असते आणि त्याच जाडीत तांब्याच्या दोन तृतीयांशाइतकीच वाहकता देते.

ग्राउंडची वायर, म्हणजे अ‍ॅम्पचे निगेटिव्ह पत्र्याला जोडणारी, तितकीच जाड आणि अर्ध्या मीटरच्या आत असावी. जिथे ती बसवायची, तिथला रंग पॉलिश पेपरने घासून पत्रा चकचकीत करावा, मगच लग, म्हणजे वायरीच्या टोकाची धातूची कडी, आवळावा. सीट बेल्टचा बोल्ट यासाठी कधीही वापरू नये. अपघातात माणसाचा भार त्याच्यावर येतो.

काम सुरू करताना बॅटरीचे निगेटिव्ह आधी काढले आणि सर्वांत शेवटी जोडले. फ्यूज त्याच्या जेमतेम आधी होल्डरमध्ये घातला. अर्धा तास गाणी वाजवून मी फ्यूज होल्डरला हात लावून पाहिला. एका बाजूला तो गरम लागत होता, म्हणून निगेटिव्ह पुन्हा काढून तिथला सैल राहिलेला स्क्रू आवळला.