तुम्ही विचारलंत म्हणून: मराठी ब्रेलला युनिकोडमध्ये जागा का नाही?

मी ब्रेलच्या फायलींचं काम करतो हे कळलं की कुणी ना कुणी हे विचारतंच. युनिकोड म्हणजे जगभरातल्या लिप्यांच्या अक्षरांना संगणकासाठी क्रमांक देणारी यादी. देवनागरीला तिथे स्वतःची जागा आहे, मग मराठी ब्रेलला का नाही? दोन वाक्यांत उत्तर देतो, पण समोरच्याचं समाधान होत नाही. माझंही होत नाही.

जागा आहे. १९९९ साली युनिकोडच्या ३.० आवृत्तीत ब्रेलचे २५६ आकार आले. त्यांत मराठी, इंग्रजी असं काही नाही. सेलमधल्या, म्हणजे एका आकाराच्या चौकटीतल्या, आठांपैकी कुठले ठिपके उठलेले, एवढीच नोंद. पहिला ठिपका १, दुसरा २, तिसरा ४, असं दुप्पट होत आठवा १२८. ‘आ’चे ठिपके तीन, चार, पाच, ४, ८ आणि १६ मिळून २८. रिकामा सेल शून्य धरून मोजत गेलं की अठ्ठाविसावा ⠜. त्याचं नाव मात्र ‘आ’ नाही, ‘ठिपके ३४५’. भारतीय भाषांसाठी १९५१ साली ठरलेल्या भारती ब्रेलमध्ये तो ‘आ’, इंग्रजी संक्षिप्त ब्रेलमध्ये ‘ए-आर’ ही जोडी.

हे मला २०११ साली ठाऊक नव्हतं.

ताई जन्मांध. आई गेल्यावर ती रोज रात्री लॅपटॉपवर लिहायची, एस-डी-एफ आणि जे-के-एल या सहा कळांचे सहा ठिपके करून. फायली बीआरएफच्या. ही युनिकोडच्या आधीची पद्धत: नेहमीच्या ब्रेलमधल्या सहा ठिपक्यांच्या ६४ आकारांना कीबोर्डवरची ६४ साधी चिन्हं वाटून दिलेली. ब्रेल प्रिंटर तीच वाचतात. लॅपटॉप मंद झाला म्हणून मी साफ करायला घेतला. एक फाइल उघडली तर नुसती @, ;, 6_ अशी चिन्हं. व्हायरसनं खाल्ली असं वाटलं. तशा अकरा होत्या. सगळ्या उडवल्या आणि वर फॉरमॅट मारला.

“माझं लिहिलेलं कुठंय रे?”

“त्या फायली बिघडल्या होत्या, ताई. कचरा होता नुसता.”

“काय दिसत होतं?”

“काहीही. दर दोन ओळींनी >9. ‘पेक्षा मोठं’चं चिन्ह आणि पुढे नऊ.”

तिची बोटं टेबलावर हलली. तीन-चार-पाच. मग तीन-पाच.

“आई आहे ते,” ती म्हणाली.

ती रागावली नाही. त्या रात्री जेवली, ताट उचललं, झोपली. ते लिखाण तिनं पुन्हा कधी हातात घेतलं नाही.

विचारायला हवं होतं, हे मला सांगू नका. एका घरात वाढून तिच्या लिपीतला एक शब्द मला ओळखता येत नव्हता. त्यानंतर कित्येक वर्षं मी भांडत राहिलो की मराठी ब्रेलला वेगळी जागा हवी, म्हणजे संगणकच सांगेल की ही मराठी आहे. दोष तिकडे ढकलला की जरा हलकं वाटायचं.

आज त्या मला मी काय सांगेन? कागदावर उठलेला ⠅ बोटाला ‘के’ वेगळा आणि ‘क’ वेगळा लागत नाही. तेच आकार संगीताला, तेच गणिताला. भाषा लावायचं काम लिब्लुईसारख्या, ब्रेलचा मजकूर आणि मजकुराचं ब्रेल करणाऱ्या प्रणालीतल्या तक्त्यांचं. हे पटतं. पण मग लॅटिन, ग्रीक आणि रशियन कॅपिटल ‘ए’ दिसायला एकच असून त्यांना तीन जागा कशा? आणि युनिकोडमध्ये ब्रेलची नोंद अक्षरांत नाही, चिन्हांत आहे. ताई रोज रात्री लिहीत होती ती अक्षरं नव्हती?

फायली युनिकोडमध्ये असत्या तर मला निदान ठिपके दिसले असते आणि माझा हात थांबला असता, असं मी धरून चाललो आहे. ताईला ते मान्य नाही.

ती आजही बीआरएफमध्येच लिहिते. मी फायलीच्या नावात ‘मराठी ब्रेल’ घालून देतो. ती म्हणते, नाव राहू दे, पुसायच्या आधी मला हाक मार.