तुम्ही विचारलंत म्हणून: आवाज का देत नाही?

लग्नात, लोकलमध्ये, स्टुडिओच्या जिन्यावर, सगळीकडे एकच प्रश्न. "एकदाच आवाज रेकॉर्ड करून एआयवाल्यांना दे ना. घरबसल्या पैसे येतील. रोज अंधेरीला कशाला मरायचं?" माझ्याबरोबर डबिंग केलेली माणसंही हेच विचारतात, त्याचं जास्त लागतं.

यंत्राशी माझं वैर नाही. जाहिरातीचा कच्चा ट्रॅक हल्ली यंत्राच्याच आवाजात येतो, त्यावरच मी माझ्या वाक्यांचे सेकंद बसवते. पूर्वी मी ठासून सांगायचे, 'जरा'तला ज आणि 'जीव'मधला ज यंत्राला कळणार नाही. आता कळायला लागलाय. तो मुद्दा मी सोडून दिला.

कारण वेगळं आहे. गिरगावातल्या माझ्या मावशीला कर्जवसुलीचा फोन आला. कर्ज दुसऱ्याचं, नंबर तिचा दिलेला. "आपला हप्ता थकला आहे. आजच भरणा करा, अन्यथा पुढील कारवाईस आपण जबाबदार राहाल." मावशीने आवाज ओळखला. "अगं, मी मावशी बोलतेय. कुठे आहेस तू?" ती विचारत राहिली आणि आवाज पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. मग तिने मला फोन लावला. मी "हॅलो" म्हटलं तरी ती बोलेना. संध्याकाळी गेले तर तिने कपाटातून पैसे काढून ठेवलेले. म्हणाली, "तुझ्याकडून असली कामं करून घेतात, म्हणजे तू अडचणीत असणार. मला सांगायचं नाही का?"

पुढचा फोन मी स्वतः ऐकला. श्वास घ्यायची जागा माझी, 'आहे'वर उतरायची लकब माझी. ती वाक्यं मात्र मी जन्मात बोललेले नाही. मागे एका कामासाठी ढीगभर सुटी वाक्यं वाचून दिली होती. तिथून गेलं, की जाहिरातीतून उचललं, मला सिद्ध करता येत नाही.

जुलै 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंगच्या आवाजाची एआय नक्कल अंतरिम आदेशाने रोखली. मला मनापासून बरं वाटलं. पण त्याचा आवाज देशाला ठाऊक आहे. माझा आवाज लोकांनी हजारदा ऐकला असेल, तो कोणाचा हे घराबाहेर कोणाला माहीत नाही. मी कोणत्या ओळखीवर हक्क मागू?

"चोरीला जाणारच आहे, तर विकून टाक," असं म्हणता, ते मलाही छळतं. जानेवारी 2023 मध्येच मायक्रोसॉफ्टने 3 सेकंदांच्या नमुन्यावरून आवाज उतरवणारं 'व्हॅल-ई' दाखवलं होतं. माझे तर तासन्‌तास बाहेर पडलेत. मग नकार देऊन मी नक्की काय वाचवते? रात्री याचं उत्तर सापडत नाही. एका मैत्रिणीने करार केला, त्यातून लेकीची फी भरली. तिला मी नावं ठेवणार नाही.

मी एवढंच मागते, माझ्या आवाजातून कोणती वाक्यं वदवायची नाहीत ते करारात लिहून द्या. हे म्हटलं की समोरचे मेलला उत्तरच देत नाहीत. उद्या कोणी तसं लिहून दिलं तर सही करीन का, हे मला आज सांगता येत नाही.