अर्धी खिडकी

"अर्धी ते बंदच राही ना भाऊ?" आजीने एवढंच विचारलं आणि फिटिंगवाला पोऱ्या ड्रिल हातात धरून हसायलाच लागला.

मागच्या नव्या खोलीला आज खिडक्या बसल्या. अल्युमिनियमची स्लायडिंग, चार बाय चार. दिसायला एकदम झकास. पण काच एका बाजूला सरकवली की दुसऱ्या काचेमागे जाऊन बसते, म्हणजे सोळा चौरस फुटाचं भोक पाडून वारा यायला जागा आठच. पुढच्या खोलीतली जुनी सागवानी खिडकी दोन्ही झडपा ढकलल्या की पूर्ण उघडी, मधे फक्त गज.

पोऱ्या म्हणे, "आजी, एसी लावतात आता सगळे."

हे मात्र डोक्यात बसलं. आपल्याकडे जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, त्यात आपण पश्चिमेच्या भिंतीला काच लावतो आणि वर वारा विकत घ्यायचा ठरवून टाकतो. बरं एसी नाही कूलर लावला तरी हवा बाहेर जायला समोर मोकळी जागा लागतेच, नाहीतर खोलीत नुसती चिकचिक.

दाराच्या चौकटीला हळदकुंकू, आंब्याची पानं, मिस्तरीला नारळ, सगळं साग्रसंगीत झालं. खिडकीला कोणी विचारतच नाही, तिचा भाव फक्त स्क्वेअर फुटावर.

यापुढे नवी खिडकी केली तर तिला झडपाच करायच्या म्हटलं तर घरात मतदान सुरू झालंय, धूळ येईल, मच्छर येतील, जाळी कुठं लावणार. तुमच्याकडे काय बसवलंय?